खंडेनवमीला पुजलेली फ्लॉपी

अंबरनाथ, दसऱ्याचा दुसरा दिवस

चिरंजीव विष्णूस अक्काचा डोक्यावर हात आणि पाठीत एक धपाटा. (धपाटा गणपतीला आला नाहीस त्याचा.) तुझे गुडघे कसे आहेत? गोदूचा खोकला गेला का, की तुझ्यासारखाच ठाण मांडून बसलाय? इकडे सर्व खुशाल, असं बकुळाने सवयीने लिहून टाकलं होतं, ते मी खोडायला लावलं. (बकुळा म्हणजे समोरच्या खोलीतली, हे पत्र तीच लिहिते आहे. अक्षर चांगलं आहे, पण भीतीचं काही सांगितलं की हिचं पेन थबकतं. लिही गं!) विष्णू, मी फार घाबरले आहे.

मधूचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला, तेव्हापासून आमचं घर कुमुदिनीच्या बोटांवर चाललंय. माझी ही सून घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. सध्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचातल्या गोबिंदराम शेठचं काम आहे. त्याचं पँटींचं दुकान. कुठल्या मापाच्या किती उरल्या, ते त्या पेटीने सांगायचं. कोजागिरी झाली की शेठ बघायला येणार. पसंत पडलं तर त्याच्या भावांच्या दुकानांचं कामही हिलाच. नाही पडलं तर तो ‘देखेंगे बेटी’ म्हणणार, आणि शेठ देखेंगे म्हणाला की पुन्हा काही बघत नाही. मग आम्ही काय करायचं, ते तूच सांग.

आता खरी गंमत. (गंमत कसली म्हणा.) जुना कॉम्प्युटर दुसऱ्या कोणाचा होता, तो अष्टमीला परत गेला. नवा शेठने दसऱ्याच्या मुहूर्तावर पाठवला. मला वाटलं, पातेलं बदललं, आमटी तीच. तर तसं नाही म्हणे. जुन्याला कुमुदिनीने वर्षभर खपून आपल्या हाताचं वळण लावलं होतं: कुठलं बटण दाबलं की काय व्हायचं, अक्षरं कुठल्या रंगाची, कुठलं हत्यार कुठल्या कप्प्यात. याला सेटिंग म्हणतात. ते नसलं की नव्या कॉम्प्युटरपुढे ती म्हणजे परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधणारी नवरी. म्हणून ते सगळं वळण तिने जुना कॉम्प्युटर जाण्याआधी एका फ्लॉपीत भरून घेतलं. फ्लॉपी म्हणजे काळी चपटी डबी, कडेला पत्र्याचं सरकतं झाकण. (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत आहे. त्यांना मी हात लावलेला नाही, देवाशपथ.)

मध्ये आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार पाटावर येतं. मधूचे पाने-हातोडे मांडले, माझी कात्री मांडली, आणि म्हटलं, घर तर या डबीवर चाललंय, तिला कशी वगळू? तुला आठवतंय, तुझे भावोजी लेथची पूजा करायचे तेव्हा काय म्हणायचे? हळदकुंकू वरच्या रंगाला लावून उपयोग नाही, फिरतं ते अंग पुजलं पाहिजे. मी पत्र्याचं झाकण सरकवलं. आत गोल, तपकिरी, तकतकीत अंग. फिरतं तेच असणार! त्याला ओलं गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची पाकळी ठेवली, मनोभावे नमस्कार केला.

काल कुमुदिनी माझ्या नातीला ओरडली, ‘आत बोट लावू नकोस गं, नुसत्या ठशानेसुद्धा सगळं जातं!’ माझ्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. मी गुपचूप पाकळी ओढली, तर अर्धी आली आणि अर्धी आतच राहिली. तेवढ्यात कुमुदिनी आली डबी मागायला. मी म्हटलं, पुजलेलं हत्यार कोजागिरीआधी उचलायचं नाही. (असं कुठेही नाही, मला माहीत आहे. बकुळा, हसू नकोस.) ती नुसतं ‘बरं, आई’ म्हणाली. भांडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. आता स्वयंपाकही मीच करते, देवळात जाऊन येते, बाकी वेळ पाटाशेजारीच बसून असते आणि तिची सावली पडली की जपमाळ ओढते. बाकी मागणं काही नाही. बहिणीने भावाला सहज लिहिलं, एवढंच.

तुझी अक्का

ता. क. कोजागिरीला गोदूला घेऊन ये. मामेसासऱ्यांसमोर कुमुदिनी आवाज चढवत नाही. दूध आटत असताना डबीचं तू सांग. तू सुरुवात केलीस की मी बकुळाकडे जाऊन बसेन.

ता. क. दुसरं. येतोस म्हणून उलट पत्र पाठवू नकोस. मला आलेली पत्रं कुमुदिनीच वाचून दाखवते.

ता. क. तिसरं. मामा, सा. न. हे अक्षर कुमुदिनीचं. बकुळाताईंनी हे पत्र टपालपेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं, आणि उघडंच दिलं. नवमीला नमस्कार करतानाच मला पाकळी दिसली होती; काल डबी मागितली ती आईंना संशय येऊ नये म्हणून. त्या फ्लॉपीचं आता काही होणार नाही. आई देवळात गेल्या की मी आठवेल तसं सगळं पुन्हा बसवते आहे. कोजागिरीपर्यंत जमेल की नाही कळत नाही. मलाही भीती वाटते. पण डबी न उचलण्याची कोजागिरीपर्यंतची मुदत आईंनी आपणहून दिली, नाहीतर मलाच काही निमित्त काढून ती मागावी लागली असती. त्यांना यातलं काही सांगू नका. तुम्ही नक्की या, मी रागावल्यासारखं करीन. फक्त लवकर येऊ नका, मामा. त्या घाबरल्या आहेत तोवरच माझा स्वयंपाक सुटला आहे.