चिंध्यांची शुद्धी

४ मार्च, सोमवार
सासऱ्यांचं फर्निचरचं वर्कशॉप आजपासून माझ्या ताब्यात. आत पाऊल टाकलं आणि शिसारी आली. जिकडे बघावं तिकडे चिंध्या. काळ्या, चिकट, भुशाने माखलेल्या. जुन्या चादरींच्या म्हणे. त्याच त्या धुऊन वर्षानुवर्षं वापरतात. बावीस वर्षं ऑफिसची स्टेशनरी सांभाळली, शिस्त मला कुणी शिकवू नये. हिला दाखवूनच देतो वर्कशॉप कसं चालवतात.

५ मार्च
पॉलिशवाल्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यात काय, म्हणून विचारलं. पॉलिश लावायची पुरचुंडी आहे, हात लावू नका म्हणाले. लावला. ई! ओलसर, मेलेल्या उंदरासारखं काहीतरी. दुपारी जेवण गेलं नाही. रात्री चार पोळ्या जास्त गेल्या, पण तो अशक्तपणा.

६ मार्च, सकाळी ७
मिस्त्री यायच्या आत सगळ्या चिंध्या, पुरचुंडीसकट, घरच्या मशीनमध्ये. वर तीन टोपणं सॉफ्टनर. गुलाबाचा वास! हिचं म्हणणं, मशीन आतून काळं झालं. हिला आधी डाग दिसतात.

सायंकाळी ६
मिस्त्रींनी पुरचुंडी हुंगली. डोळे मिटून घेतले. भारावले असावेत.

८ मार्च
डॉक्टरीणबाईंनी ऑर्डर दिलेल्या जेवणाच्या टेबलावर पॉलिश बसेना. जागोजागी गोल खळगे. मिस्त्री म्हणाले, फडक्यांतलं सॉफ्टनर लाकडाला लागलंय, घासून पहिल्यापासून करावं लागेल. मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रींनी चपला घातल्या. चहाला गेले असतील.

९ मार्च
मिस्त्री चहाहून आलेले नाहीत. त्यांच्यावाचून काय अडलंय? टेबल मीच करणार.

१० मार्च, रविवार
कोपरापर्यंत चिकट. नखांत पॉलिशची लाख, भुवईत लाख. स्वतःचीच किळस येते. टेबलात एक माशी कायमची बसली आहे. नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई आल्या. टेबलाला बोट लावलं, ते निघेना. अँटिक फिनिश आहे, असं मी सांगितलं. मिस्त्रींना बोलवा, नाहीतर ऑर्डर रद्द, असं त्यांनी सांगितलं.

११ मार्च
ही मिस्त्रींच्या घरी जाऊन आली. उद्यापासून यायला तयार आहेत. अट एकच: वर्कशॉप उघडं असेपर्यंत मी तिथे फिरकायचं नाही. हा तर उद्धटपणा! हिला विचारलं, विचार करायला किती दिवस मागितलेस? म्हणाली, किल्ल्या त्यांच्याकडेच ठेवून आले.