जिभेपुढची खूण

९ जून

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

दातांचा डॉक्टर झालास, टक्कल पडलं, तरी तू आमचा छोट्याच. तेव्हा नाक मुरडू नकोस.

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुला. घरातला फोन तुझ्या भावोजींच्या कटिंगच्या टेबलावर असतो आणि भावोजी सकाळी नऊपासून त्या टेबलाशी. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मी इकडे भांडं ठेवलं तरी तिकडून विचारणा होते.

त्यांच्या जिभेला उजव्या कडेला पाच आठवडे झाले फोड आहे. फोड कसला, चर पडलाय. चहा निववून पितात, तिखट बंद, घास डावीकडूनच चावतात. म्हणतात टाचणी टोचली. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून शिवणाऱ्या माणसाला ती आत्ताच बरी टोचली! तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, त्यामुळे मला भीती नाही, असं ते मलाच समजावतात. मार्चमध्ये दात साफ करून घ्यायला तुझ्याकडे आले होते तेव्हा काही दिसलं होतं का रे? नसेल तर मी घाबरट, हे कबूल.

तुझ्या बायकोचा ब्लाउज तयार आहे. गळा तिने सांगितला त्याहून बोटभर वर घेतलाय. तो कारभार माझा नव्हे.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझी ताई

१४ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तू घाबरट नाहीस. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवायचीच, तिथे टाचणीबिचणी ऐकून घ्यायची नाही. तुमच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात तोंडाचा विभाग आहे, तिथे याच आठवड्यात जा. तंबाखू सोडली म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही, हे त्यांना सांग.

मार्चमधलं मला नीटसं आठवत नाही. रोज पंचवीस तोंडं बघतो. पण मार्च तो मार्च, आता जून आहे.

इकडे सगळे बरे. ब्लाउजच्या गळ्यावरून घरात दोन तट पडले आहेत, मी कुठल्याच तटात नाही.

तुमचा दोघांचा लोभ कायम राहू दे.

तुझा छोटू

२१ जून

चि. छोट्यास आशीर्वाद.

ते जात नाहीत. सगळे उपाय करून थकले. मी रडले, अबोला धरला, त्यांच्या बहिणीला सांगायला लावून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच. तू मार्चमध्ये दिलेलं कार्ड टेबलाच्या खणातून काढतात आणि माझ्यापुढे धरतात. दात, हिरड्या, जीभ, गाल, मान अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे तुझी बरोबरची खूण. आधीची दोन कार्डंही जपून ठेवली आहेत. म्हणतात, माझ्या मेहुण्याने जीभ बघून ठीक लिहिलंय, तीन महिन्यांत असं काय होतंय, परक्या माणसापुढे मी जीभ काढून बसणार नाही. काल एका गिऱ्हाइकाला ट्रायल देता देता तुझं कौतुक चाललं होतं. शब्द मात्र जड येत होते. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं तशी मी आत आले.

या घरात मला कुठे जाऊन बसायलाही जागा नाही रे. स्वयंपाकघरात बसलं की मशीन ऐकू येतं आणि ते थांबलं की मी उठून दाराशी जाते. रात्रंदिवस त्यांच्या तोंडाकडे बघत असते, आणि मी बघतेय हे त्यांना कळतं म्हणून तेही तोंड फिरवतात.

तूच त्यांना चार ओळी लिही. तुझं ऐकतील. त्या कार्डाचं आता काही खरं नाही, एवढं त्यांना पटेल असं लिही.

लोभ आहे म्हणूनच एवढं हक्काने मागते.

तुझी ताई

२५ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

चार ओळी लिहायला तीन दिवस लागले. पाच कागद फाडले. त्या सगळ्यांत कार्ड जुनं झालं, रोग लवकर वाढतो, असं लिहिलं होतं. ते वाचून भावोजी गेले असते की नाही, कोण जाणे. म्हणून खरं तेच लिहितो. हे पत्र त्यांच्या हातात दे.

मी त्यांची जीभ बघितलेली नाही. मार्चमध्ये नाही, त्याआधी दोनदाही नाही. दात आणि हिरड्या बघितल्या, बाकीच्या खुणा नुसत्याच केल्या.

जिभेच्या कडा बघायच्या म्हणजे जीभ कापडात धरून बाहेर ओढावी लागते, इकडे तिकडे वळवावी लागते. माणसाची लाळ गळते, उमासे येतात. तिशीपुढच्या प्रत्येक पेशंटचं मी हे करतो, न विचारता करतो. पण वडील गेल्यावर भावोजींनी मला हाताला धरून कॉलेजात नेऊन बसवलं, माझा पहिला पांढरा कोट स्वतः शिवला. ते खुर्चीत टेकले, तोंड उघडलं, आणि त्यांची जीभ चिमटीत धरायला माझा हातच पुढे होईना. त्यांनी म्हटलं, झालं का रे? मी म्हटलं, झालं. कोरी ओळ त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून खूण केली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सगळं आठवलं होतं. आठवत नाही असं लिहिलं. त्याच रात्री गाडीत बसायला हवं होतं. त्या तोंडात काय दिसेल याची भीती वाटली, तिच्याहून जास्त माझ्या खुणेची. ताई, खुर्चीत दुसरं कोणी बसलं तरी मला आता तेच तोंड दिसतं.

भावोजी, माझ्यावर विश्वास ठेवून थांबू नका. कृपा करून जा.

काही मागायचं तोंड नाही.

छोटू

६ जुलै

छोट्यास,

तुझं पत्र स्वयंपाकघरात दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा तुला समोर धरून थोबाडावं असं वाटलं. मग पुढे जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मशीन थांबवून वाचलं, घडी घातली, हातातली बाही पुरी केली आणि मला विचारलं, हॉस्पिटल किती वाजता उघडतं.

तिथल्या डॉक्टरबाई तुझ्या निम्म्या वयाच्या. त्यांनी सरळ जीभ धरून ओढली. कडेची जखम कडक लागते म्हणाल्या, तुकडा काढून तपासायला पाठवला. काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. जिभेचा तेवढा भाग आणि मानेतल्या गाठी काढणार. लवकर आलात म्हणाल्या, आणखी लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या. मार्चमध्ये दिसलं असतं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, कदाचित दिसलं असतं, कदाचित नसतं, आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणजे हे ‘कदाचित’ आता जन्मभर माझ्या घरात राहायला आलंय, आणि तुझ्याही.

आधी कोणी तपासलं होतं का, असा प्रश्न हॉस्पिटलच्या फॉर्मवर होता. ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. आपणच हयगय केली, कुणाला दाखवलंच नाही, म्हणाले. मी शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मी बोलू नये म्हणून. मी बोलले नाही.

त्यांनी तुला माफ केलंय, तसं सांगायला सांगितलंय. मी केलेलं नाही. केव्हा करीन, करीन की नाही, मला माहीत नाही.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला आहे. पाच-सहा तास चालेल. बाहेर एक लांब बाक आहे आणि मला त्यावर एकटीने बसवणार नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. दुसरं कोण आहे मला?

लोभाचं नंतर बघू.

ताई