बकासुराचं पोट आणि दोन मोल

भोपाळ, विसर्जनानंतरचा मंगळवार, १९७२

श्री. दिगंबरराव यांस,
नीळकंठचा दक्षिणेकडे, म्हणजे नागपूरकडे तोंड करून नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (सगळे म्हणजे मी).

तुम्ही नागपुरात रसायनशास्त्र शिकवता, म्हणून हिशेब तुमच्यापुढेच ठेवतो. टाऊनशिपच्या गणेशोत्सवात यंदा मला बकासुराची भूमिका मिळाली (वजनावर, अभिनयावर नव्हे). पोट प्रेक्षकांदेखत फुगावं म्हणून मी ट्रकच्या ट्यूबा चिकटवून पोट केलं आणि तुमच्या बहिणीने, वंदनाने, ते माझ्या अंगरख्याला पाठीमागून शिवलं. ओल्या लिंबूसतात खाण्याचा सोडा पडला की चौऱ्याऐंशी ग्रॅमला बावीस पूर्णांक चार लिटर वायू निघतो, हे दिवाळीत तुम्हीच शिकवलंत (तेही शून्य अंश तापमानाला, भाद्रपदात भोपाळात ते कुठून आणायचं?). पोट पंचेचाळीस लिटरचं, म्हणजे वायू दोन मोल, म्हणजे सोडा एकशे अडुसष्ट ग्रॅम. हिशेब चोख होता.

घात केला तुमच्या शास्त्रीय भाषेने. मी चिठ्ठीवर 'सोडा, दोन मोल' लिहून शेजारच्या श्रीकांतला दिली. तो पडला अकाउंट्सचा माणूस, त्याच्या लेखी मोल म्हणजे किंमत. त्याने दोन रुपयांचा सोडा आणला, चांगला किलोभर, आणि कमी पडायला नको म्हणून महिला मंडळाच्या सरबताचा लिंबूसताचा अख्खा डबा पोटात रिता केला. रंगमंचावर मी सोडा सतात सांडवणारी दोरी ओढली. आधी टाळ्या पडल्या. मग पोट थांबेचना. भीम झालेले आमचे मॅनेजर विश्वासराव गदा उगारून धावले, पोटावर आपटले आणि थेट सरबताच्या टेबलावर पडले. तिथे वंदना उभी होती, नव्या चंदेरी साडीत.

जो पदार्थ आधी संपतो तिथे अभिक्रिया थांबते, असं तुम्ही म्हणाला होतात. आमच्याकडे सोडा उरला, सतही उरलं, वंदनाचा धीर तेवढा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्याकडे निघाली. पोट अजून माझ्या अंगावर आहे. कारखान्याच्या फाटकावरचा शिपाई रोज विचारतो, "साहब, इसका गेटपास?"

आपला,
नीळकंठ

ता. क. पाठीमागचे टाके वंदनालाच उसवता येतील, तेव्हा तिला पाठवा. चंदेरीवरचा डाग मी स्वतः घासून काढला आहे.

ता. क. दोन. कात्री शिवणाच्या मशीनच्या खणातच आहे. श्रीकांत रोज विचारतो, कापू का? मी नको म्हणतो. घर फार मोठं झालंय हो. हे तिला वाचून दाखवू नका. पण पत्र टेबलावर उघडं राहिलं तर माझी हरकत नाही.