पाहणाऱ्यानं नक्की काय पाहिलं

पोशीर,
रविवार, १८ सप्टेंबर २०२२

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही, फार तर फाडता येतं. आणि तू फाडणाऱ्यांतला नाहीस. चौक गावातल्या तुझ्या गॅरेजात अजून दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकतंय, असं रूपाआत्या परवा सांगत होती.

इकडे सगळं ठीक आहे. भात निसवायला लागलंय, लोंब्या बाहेर येतायत. आईचा गुडघा चढ आला की बोलतो, एरवी गप्प असतो. बाबा निवृत्त झाल्यापासून रविवारी विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटं बोलतात आणि त्या पंधरा मिनिटांची तयारी आठवडाभर करतात. आम्ही दोघी ती सहा दिवस ऐकतो, सातव्या दिवशी गाव ऐकतं.

मुख्य बातमी माझी. इंजिनिअरिंग संपलं आणि आता मला पाण्याच्या नियोजनात एम. एस. करायचंय, अमेरिकेत. त्यासाठी २९ ऑक्टोबरला जीआरई नावाची परीक्षा आहे. गणिताची भीती केव्हाच गेली. सध्या मी निबंध घोटते आहे.

हा निबंध म्हणजे शाळेतला 'माझा आवडता ऋतू' नव्हे. कुणीतरी एक दावा केलेला असतो आणि तो कुठं पोकळ आहे ते आपण अर्ध्या तासात दाखवायचं. उदाहरणार्थ, एका गावच्या वाचनालयानं लाकडी खुर्च्या काढून गादीच्या आणल्या, वर्षभरात वाचक दुप्पट झाले, तेव्हा शाळेनंही गादीच्या खुर्च्या घ्याव्यात म्हणजे मुलं अभ्यास करतील. वाचताना पटतं की नाही? मग विचारायचं, त्याच वर्षी तिथं पंखे लागले का? वाढले ते वाचक की नुसते बसायला आलेले? आणि गादीवर मुलं अभ्यास करतील की झोपतील? खुर्च्या चांगल्या की वाईट, हे आपलं मत कुणी विचारत नाही. पुरावा काय, गृहीत काय धरलंय आणि दुसरं काय कारण असू शकतं, एवढंच बघायचं.

दादा, यात माझा हात धरणारं कुणी नाही. कर्जतची सानवी, डॉक्टरांची मुलगी, कॉलेजात माझ्याबरोबर होती. तीही परीक्षेला बसतेय. आम्ही एकमेकींचे निबंध तपासतो. सहापैकी साडेचारच्या खाली ती मला आणू शकलेली नाही. शेरे मात्र खवचट लिहिते. परवा लिहिलं, "दुसऱ्याच्या चुका शोधताना तुला फारच आनंद होतो."

घरात माझा जाच सुरू झालाय. आई म्हणाली, शेजारच्या गंगाबाईनं रोज मेथी खाल्ली आणि तिची साखर उतरली, मीपण खाणार. मी विचारलं, गंगाबाईनं गोळी बदलली का? ती चालायला जाते का? साखर मोजली कुणी आणि कधी? आईनं थापत असलेली भाकरी तशीच हातावर धरली आणि म्हणाली, "तुला जेवायचं हाय का शाबीत करायचं हाय?"

बाबा मात्र खूश आहेत. त्यांचं ते आवडतं वाक्य तुला पाठ असेलच: बुद्ध म्हणाला, मी सांगतो म्हणूनसुद्धा मानू नका, तपासा. गेल्या रविवारी त्यांनी विहारात सांगितलं की माझी मुलगी आता हेच इंग्रजीतून करते. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजले.

छापील विषय संपत आलेत. सानवी म्हणते, आता घरातले, गावातले दावे घे. त्यांना काय तोटा?

तुझी (तुला चालणार असेल तर),
मनाली


पोशीर,
रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. परीक्षेला तेरा दिवस राहिलेत आणि तयारी झकास आहे. अर्ध्या तासात साडेपाचशे शब्द टाइप होतात, तेही स्पेलिंगच्या फारशा चुका न करता. सानवी आता माझ्यावर जळते, असं मी तिला म्हणाले. ती नाही म्हणाली नाही.

आता जे सांगणार आहे ते जरा दमानं वाच. घरातले दावे घ्यायचे ठरल्यावर मी बाबांचा एक दावा घेतला. तुझ्याबद्दलचा. तुला नव्यानं सांगायला नको, पण निबंधात दावा आधी नीट मांडावा लागतो, म्हणून मांडते.

जानेवारी २०१९ मधला रविवार. केतनची क्लार्कच्या भरतीची लेखी परीक्षा, खोपोलीच्या शिळफाट्याजवळच्या शाळेत, दहा ते बारा. नेमका त्याच वेळी केतन शिळफाट्यावरच्या एका बारमध्ये होता. पुढे निकाल लागला, त्यात केतनचं नाव नाही. तेव्हा केतननं परीक्षा बुडवली, घरच्यांना फसवलं आणि असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. हा दावा बाबांनी त्या वर्षी १४ एप्रिलला, जयंतीच्या स्टेजवरून, अख्ख्या पोशीरसमोर माइकवर केला. पोरांनी धडा घ्यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरून चौकला गेलास तो गेलासच.

मी त्या दाव्याच्या चिंधड्या उडवल्या. यादीत नाव नसणारे हजारो होते, ते सगळे बारमध्ये बसले होते का? मुलगा एकदा चुकला तर कायमचा वाया गेला हे कुठल्या पुराव्यावर? मला वाटलं, पाच तर कुठं गेले नाहीत. सानवीला नावं बदलून दिला. तिनं साडेतीन दिले आणि खाली लिहिलं, "तू निष्कर्ष फोडलास, पुरावा तसाच ठेवलास. तो बारमध्ये होता हे कशावरून? पाहणाऱ्यानं नक्की काय पाहिलं?"

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग मी खोपोलीला गेले. त्या शाळेत कसलीशी भरती परीक्षा आहे असं कळलं होतं, म्हणून मुद्दाम गेला रविवार धरला.

साडेदहाला शिळफाट्यावर उतरले. बारचं शटर खाली, कुलूप लावलेलं. आणि समोरच्या पत्र्याच्या सावलीत चाळीसेक मोटरसायकली, अगदी दाटीवाटीनं. शेजारी चहाची टपरी आहे, इंदूबाई म्हणून आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "शाळंत गाडी घेत नाय गं आत. परीक्षा असली का पोरं हितंच लावतात, सावली हाय म्हून. बार काय, बारा वाजल्याबिगर उघडतच नाय." कधीपासून, विचारलं. "मी टपरी टाकली तवापासून. धा वर्सं झाली."

चहा पिऊन मी तिथं बाराच्या पुढं उभी राहिले. शाळेतून पोरं आली आणि एकेक गाडी निघून गेली.

दादा, त्या दिवशी तुझी गाडी तिथं होती. लाल, डाव्या आरशाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी होस्टेलवरून घरी येत होते, सहा आसनी रिक्षातून मला ती दिसली. पावणेअकरा वाजले असतील. त्यावरून मग घरात गैरसमज झाला. एवढीशी गोष्ट, पण गैरसमज कसा वाढत जातो बघ.

निबंध पुन्हा लिहिला. सानवीनं पाच दिले. परीक्षा झाली की बाबांनाही सगळं समजावून सांगेन. तू काळजी करू नकोस, मुद्दा पटवण्यात मी आता तरबेज झाले आहे.

तुझी,
मनाली


पोशीर,
रविवार, १६ एप्रिल २०२३

दादा,

सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रानंतर चार दिवसांनी तुझा मेसेज आला होता. साडेतीन वर्षांत पहिला. "गाडी बघितलीस. मला बघितलंस का?" सहा महिने तो तसाच आहे. उत्तर 'नाही' असं आहे. नाही, मी तुला बघितलं नव्हतं.

आधी बातमी सांगून टाकते, नाहीतर राहील. परीक्षेत निबंधाला सहापैकी पाच मिळाले. ज्या विद्यापीठात जायचं होतं तिथं शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये निघेन. मी हुशार आहे, दादा, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून तर मागच्या पत्रात मी 'गैरसमज झाला' असं लिहू शकले. झाला. जसा काही आपोआप झाला.

तसं काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी माझा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला होता आणि मला गणितात केटी होती. पोशीरची पहिली इंजिनिअर होणार म्हणून बाबांनी विहारात पेढे वाटले होते आणि मी पहिल्याच झटक्यात नापास. सहा आसनीत बसून मी तेच घोकत होते, घरी कसं सांगू. तेवढ्यात तुझी गाडी दिसली. शटर उघडं की बंद, तेही मी बघितलं नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

घरी आले. बाबांनी निकालाचं विचारलं आणि मी म्हणाले, बाबा, दादा शिळफाट्याला बारमध्ये बसलाय. त्यांनी विचारलं, "तू डोळ्यांनी पाहिलंस?" मी म्हणाले, "हो." पुढे माझ्या निकालाचं त्यांनी विचारलंच नाही. ती केटी मी मे महिन्यात गुपचूप सोडवली. घरात परवापर्यंत कुणाला माहीत नव्हती.

संध्याकाळी तू आलास. बाबांनी विचारलं, बारमध्ये कुणाबरोबर होतास? तू हसलास, कसला बार म्हणालास. बाबांना तो उद्धटपणा वाटला. घरातलं माणूस खोटं बोलेल का, असं ते ओरडले आणि तू माझ्याकडे पाहिलंस. गाडीचा शब्द मी काढला असता तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस की गाडी तिथं का होती. तो शब्द मी काढला नाही. तुला कळलं होतं की मी खोटं बोलतेय. का, ते कळत नव्हतं. तरीही तू मला खोटारडी म्हणाला नाहीस, तेव्हाही नाही आणि जातानाही नाही. तू बॅग उचललीस तेव्हा मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मला तुझी कधी लाज वाटली नाही, दादा. स्वतःची वाटत होती आणि मी ती अभ्यासानं झाकत होते.

बाबांना घरात, चार भिंतींत, सांगणं सोपं होतं. पण बाबा तुला बोलले होते ते स्टेजवरून. त्यामुळे परवा चौदा एप्रिलला माझा सत्कार ठेवला होता, त्याला मी हो म्हणाले. शाल झाली, पुस्तक झालं, बाबाच अध्यक्ष होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "चार वर्षांपूर्वी इथूनच माझ्या भावाबद्दल सांगण्यात आलं. ते बाबांना मी सांगितलं होतं. मी भावाला पाहिलं नव्हतं. बंद बारसमोर त्याची गाडी पाहिली होती. तो तेव्हा शाळेत परीक्षा देत होता. मी नापास झाले होते, ते लपवायला मी खोटं बोलले."  शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेच बरोबर होतं. आई तोंडाला पदर लावून बसून होती.

बाबा आज विहारात गेले, वंदना झाली आणि पहिल्यांदाच भाषण न करता घरी आले. ओटीवर बसले. मी पाणी दिलं. ते माझ्यावर चिडतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "मी तुला एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाय. मला तेच ऐकायचं होतं." मग विचारलं, चौकला सकाळची एसटी किती वाजता असते.

मी बरोबर येते म्हणाले. नको म्हणाले, तिथं मलाच बोलायचंय. आईनं विचारलं, पोराला काय देऊ का बरोबर? तर म्हणाले, काय नको, मी चाललोय ते पुरे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुला काय लिहायचं असेल तर लिही. म्हणून हे लिहिते आहे. पाकीट मी चिकटवणार आहे. आत काय आहे ते त्यांनी विचारलेलं नाही.

म्हणजे हे तू वाचत असताना ते तुझ्यासमोर असतील. बहुतेक गॅरेजच्या दारातच, कारण बोलावल्याशिवाय ते आत यायचे नाहीत. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, त्याची घाई नाही. मी ऑगस्टपर्यंत इथं आहे आणि त्यानंतरही तुझीच बहीण आहे. त्यांच्याशी काय बोलावं तेही मी सांगत नाही, तो हक्क मी घालवलाय. पण त्यांची साठी उलटलीय आणि स्टँडपासून ते उन्हातून चालत आले असतील. हा कागद ठेव खाली आणि त्यांना आधी बसायला सांग.

तुला न पाहताच पाहिलं म्हणालेली,
तुझी धाकटी,
मनाली