पुसले आहे, काळजी नसावी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या माळ्यावर ठेवलेला माझा जुना संगणक तू समोरच्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलास हे तुझ्या बायकोकडून कळले, म्हणून लिहिते आहे. फोन करत नाही, कारण चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर तू तो स्पीकरवर लावतोस. मी ज्या वकिलांकडे कामाला आहे त्यांचे, घरी टाइप केलेले सगळे अर्ज त्यात आहेत. शेवटचा शिवणवालीचा. नवऱ्याच्या मारापासून पळून ती जिथे राहते तो पत्ता त्यात आहे. तो नवरा रोज त्याच दुरुस्तीवाल्याकडे चकाट्या पिटत बसतो, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. संगणक देण्याआधी काय केलेस ते नेमके कळव. बघतो, करतो असे लिहू नकोस.

तुझी ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून छडी खाल्ल्यासारखे वाटले. अगं, मी इतका का वेंधळा आहे? सगळ्या फायली खोडल्या, कचरापेटी रिकामी केली, दोनदा तपासले. त्या भरात छकुलीचे लहानपणीचे फोटोही गेले आणि बायको दोन दिवस बोलली नाही. पण दुरुस्तीवाला देवमाणूस. त्याने ते सगळेच्या सगळे परत आणून दिले. तेव्हा काळजी नसावी. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

स्वतःचे पत्र पुन्हा वाच. ज्याने पुसलेले फोटो परत आणले, त्याला पुसलेले अर्ज सापडले नसतील का? फायली खोडणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. पाने जागच्या जागी राहतात. पुसायचे तर पूर्ण डिस्कवर दुसरे काहीतरी लिहून ती भरावी लागते.

पत्र मिळताच शटर ओढ आणि डिस्क परत आण. फोटो ज्यावर उतरवले तेही आण. कारण सांगू नकोस. नवरा बसलेला असेल तर त्याच्या चष्म्याची चौकशी करत थांब. मी शिवणवालीकडे निघाले आहे.

ताई

ता. ८ मार्च, शुक्रवार

ती. ताईस सा. न.

अक्षर सांभाळून घे, घाईत लिहितो आहे. नवरा तिथेच होता. त्याच्या चष्म्याचे स्क्रू आवळत अर्धा तास काढला. तो गेल्यावर डिस्क आणि पेन ड्राइव्ह मिळाले, दोन्ही सोबत पाठवतो. दुरुस्तीवाला कौतुकाने म्हणाला की त्याने ताईंचे अर्जही शोधून काढले आहेत. त्याच्याकडची प्रत मी समोर बसून तू सांगितलेस तशी पुसून घेतली. मग तो सहज बोलून गेला की बुधवारी नवऱ्याने सापडलेल्या फायलींच्या यादीत बायकोचे नाव पाहिले, अर्ज उघडला आणि कागदावर काही टिपून घेतले. रविवारी तो तिला आणायला जाणार आहे.

तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. हे पत्र शिवणवालीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तो मलाही त्या अर्जातच मिळाला. ताई, चुकलो.

धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझे पाकीट शनिवारी दुपारी बरोबर त्या दारात पोचले. शिवणवालीने त्यावरचा पत्ता वाचला आणि लगेच मशीनचे पाय सोडवायला घेतले. रविवारी तो आला तेव्हा खोलीला कुलूप होते, असे शेजारीण सांगते. तुला रागावायचे बाकी आहे, ते समोरासमोर. तोवर घरी सर्वांनी जपून असावे.

शिवणवालीच्या हाती दिले त्याची नोंद, जपून ठेव:

तिच्यासमोर भरून पुसलेली आणि नंतर तीन भोके पाडलेली डिस्क, एक.
तसाच पुसून मोडलेला पेन ड्राइव्ह, एक.
अर्जाची कागदी प्रत, एक.
नव्या खोलीची किल्ली, एक. पत्ता कुठेही लिहिलेला नाही.