खदिजाबींचा ओटा

बोर्ली, सोमवार, १२ मार्च १९३४

आज समोरच्या खदिजाबींचा ओटा फोडला. बाजारातून मोटार न्यायची तर गल्ली रुंद हवी, आणि त्यासाठी एका बाजूचे ओटे काढायचे होते. महिन्यापूर्वी ओव्हरसियर मोजमापाला आले तेव्हा, शाळामास्तर म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "कुठली बाजू काढू?"

"समोरची. तिकडचे ओटे कच्चे आहेत," मी लगेच म्हणालो.

साफ खोटं. खदिजाबींचा ओटा काळ्या दगडाचा, सकाळपासून पहारी घालूनही दुपारपर्यंत हलेना. कच्चा आहे तो आमचाच. गेला असता तर काय गेलं असतं माझं? संध्याकाळी खुर्ची टाकायची जागा, एवढंच ना?

खदिजाबींचा नवरा जहाजावर गेला तो परतला नाही. एकट्या बाईच्या दारात माणूस यायचं ते त्या ओट्यामुळे. बाजाराच्या दिवशी कोळणी तिथे टेकायच्या. डोक्यावरची टोपली उतरवायला खदिजाबी हात द्यायच्या, मग तासभर गप्पा.

मघाशी त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, कळलं यांना.

"मास्तर, तुमी आमच्यासाठी बोल्ला असाल, मला ठाव हाय. सायबानं ऐकलं न्हाय, त्याला तुमी काय करणार? आता त्या बायकांना तुमच्या ओट्यावर बसू द्या."

"बसू देत," मी म्हणालो. पुढे खरं सांगायला तोंडही उघडलं होतं, इतक्यात त्या वळून निघाल्या. मला हायसं वाटलं.