पाणी मारलेला कापूस

अकोला,
१२ सप्टेंबर २००६

प्रिय प्राजू,

तुझं पत्र परवा पोचलं. मी मजेत. शाळेत घटक चाचणी चालू आहे, पेपरांचा ढीग पुढ्यात घेऊनच लिहून राहिले. पातूरला अब्बांचं गाद्यांचं दुकान चालू आहे. कापूस पिंजून पिंजून दमा वाढला, पण ऐकतात कुठे.

मुंबईच्या पेपरानं तू लिहितेस त्या मालिकेला ‘बुद्धिमान मालिका’ म्हटलं, ते कात्रण शाळेत सगळ्यांना दाखवलं. अमरावतीच्या हॉस्टेलवर मेसमधल्या टीव्हीसमोर आपण यावरूनच भांडायचो. तू म्हणायचीस, ज्यात माणसं कमी बोलतात ती मालिका हुशार. मी म्हणायची, जिला बघणाऱ्याची भीती वाटते ती. कुठंतरी लसूण सोलत बसलेल्या बाईला हे सगळं ठाऊक असेल, ती पकडेल, ही भीती. तू हसून म्हणायचीस, उज्मा, तू मास्तरीणच होणार. झाले बघ.

आता तुझा प्रश्न. कधी खोटं न बोलणारी तुझी नायिका वत्सला कापसाची पहिली गाडी बाजारात पाठवते, तेव्हासाठी तुला एखादी ‘अस्सल वऱ्हाडी रीत’ हवी. आहे ना. गाडी भरली की घरची सून कळशीभर पाणी कापसावर ओतते. याला ‘गाडीची तहान भागवणं’ म्हणतात. नुसतं शिंपडायचं नाही, चांगला भिजेपर्यंत ओतायचं. मग कुंकू, मग बैलांना ओवाळणं. कॅमेऱ्यात फार छान दिसेल.

माझी अलीझाआपा पण बघते तुझी मालिका. चपलांचा भाग बघितला तिनं. त्याबद्दल नंतर कधीतरी.

तुझी,
उज्मा


अकोला,
१० डिसेंबर २००६

प्राजक्ता,

पत्र मिळालं. ‘उज्मा, तू मला असं कसं लिहिलंस?’ हे तू तीनदा लिहिलंस. आधी तो भाग मी कुठं आणि कसा बघितला ते ऐक, मग सांगते.

शेजारच्या उत्तमरावांकडे बघितला. त्यांची कॉटन मार्केटमध्ये अडत आहे, जन्म गेला कापसात हात घालून. तुझी वत्सला डोक्यावर पदर घेऊन आली, मागं सनई, आणि तिनं गाडीवर कळशी ओतली. उत्तमरावांचा घास हातातच राहिला. म्हणाले, “अवो, हे सत्यवादी बाई तं पक्की निघाली. चांगलं पाणी मारून राहिली मालाले.” मग जे हसू लागले, पोरं, सुना, सगळे. गोदाकाकू तर पदरात तोंड घालून आत पळाल्या.

तुला अजूनही कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात. ही लबाडी आहे. व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, ओल लागली की गाडी परत. इथं चौथीतल्या पोराला हे माहीत आहे. मार्केटमध्ये आता ओल्या मालाला नवीन नाव पडलं. “हा वत्सला तं नाही ना?” असं विचारून गाडीत हात घालतात.

चॅनलकडे वऱ्हाडातून पोत्यानं पत्रं गेली म्हणतेस. मी एकही पाठवलं नाही. गरजच पडली नाही.

होय, मी मुद्दाम लिहिलं. विचार करून लिहिलं. ‘गाडीची तहान’ हे नाव सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते. पकडली जाईन याची भीती मला होती बरं का. दर्यापूरला तुझ्या सख्ख्या मामांची पन्नास एकर कापसाची पऱ्हाटी आहे. एक फोन केला असतास तर मामांनी दोन शिव्या देऊन माझं पत्र फाडायला लावलं असतं. महिनाभर मी जीव मुठीत धरून होते. पण तू कुणाला विचारलं नाहीस. आम्हाला तू कधी भ्यालीच नाहीस.

आता चपला.

हॉस्टेलवर मी तुला आपाची गोष्ट सांगितली होती. बाळापूरला निकाह झाला, अकराव्या दिवशी ती नवऱ्याच्या चपला घालून एसटीनं पातूरला आली. कारण तिच्या चपला सासूनं कुलपात ठेवल्या होत्या. आणि तो मारायला लागला की सासू टीव्हीचा आवाज मोठा करायची. हे सांगताना मी रडले होते, तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. आठवतं?

त्याचं तू काय केलंस? वत्सलाची शेजारीण, नाव आलिया. मोठ्या चपलांत फटक फटक चालत माहेरी पळणारी येडपट नवरी. सासू टीव्हीचा आवाज वाढवते आणि मागून हशा. रेकॉर्ड केलेला हशा, प्राजक्ता. नाव बदलायलासुद्धा तुला फार कष्ट पडले नाहीत.

आपा पायात पुरुषाच्या चपला घालून एसटीतून उतरली ते पातूरनं बघितलं होतं, पण बारा वर्षांत विसरलं होतं. तू आठवण करून दिलीस. इथं अकोल्यात आपाचा शिवणक्लास होता, वीस मुली, त्यात काही पातूरच्या. एक दिवस क्लासच्या दाराशी कुणीतरी दहा नंबरच्या पुरुषी चपला ठेवून गेलं. आतून मुलींचं खुसूखुसू. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी आपानं क्लास बंद केला.

मला ती एवढंच म्हणाली, “टीवी के आवाज की बात मैंने सिर्फ तेरे को बोली थी.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चार महिने झाले. सूड घेतल्याचं सांगायला मी धावत गेले, तर मान वर न करता काज करत राहिली. तिची गोष्ट तू विकलीस, पण तुला ती फुकट दिली मीच. हॉस्टेलवर माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून दिली.

तुझी नोकरी जाईल म्हणतेस. ‘अशी रीत काही गावांत आहे’ असं मी चॅनलला लिहून द्यावं म्हणतेस. खोटं दोनदा लिहिणार नाही. सोबत एक कागद आहे. पाण्याची रीत मी बनवून सांगितली, त्यात तुझा दोष नाही, आणि चपलांची गोष्ट निकाहनंतर अकराव्या दिवशी माहेरी आलेल्या माझ्या बहिणीची आहे, तू ती न विचारता घेतलीस. तू कात्री चालवशील म्हणून दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं. चॅनलला द्यायचा तर पूर्ण दे.

पाठवण्याआधी कागद आपाला दाखवला. यावेळी विचारलं. तिनं दोनदा वाचला. ‘अकराव्या दिवशी’ वर काट मारून ‘सतराव्या’ लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली, कागद मशीनवर ठेवला आणि आत निघून गेली.

सतरा दिवस होते. मी जन्मभर अकरा सांगत आले.

कागदाची नक्कल तिच्याकडे आहे. ती चॅनलला पाठवायची की नाही, ते ती ठरवेल. तिच्या वतीनं मी आता कुणाला काही सांगत नाही.

अलीझाची धाकटी बहीण,
उज्मा